धरून ठेवणारं हत्यार

सायकलच्या मागच्या चाकावरची कॅसेट घरी काढायची ठरली की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: पाना कुठला लागतो? मला वाटतं, प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारायला हवा. पाना फिरवायचं काम करतो. या कामात फिरवण्याइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच महत्त्व धरून ठेवण्याला आहे. बरणीचं घट्ट झाकण उघडताना आपलं सगळं लक्ष झाकणावरच्या हाताकडे असतं, पण बरणी धरणारा हात ढिला पडला तर झाकण जागचं हलत नाही. कॅसेटची हत्यारं निवडताना मी नेहमी आधी त्या दुसऱ्या हाताचा विचार करतो.

कॅसेट म्हणजे दातेरी चकत्यांची चळत. ती फ्रीहब नावाच्या दंडगोलावर सरकवलेली असते. दंडगोलावर उभ्या खाचा असतात, चकत्यांच्या आत त्याला जुळणारे कंगोरे असतात, त्यामुळे चकत्या दंडगोलाभोवती फिरत नाहीत, फक्त बाहेरच्या बाजूला सरकू शकतात. ते सरकणं थांबवायला सगळ्यात बाहेर, सर्वांत लहान चकतीच्या तोंडाशी, एक आटे असलेली कडी आवळलेली असते. तिला लॉकरिंग म्हणतात. तिचे आटे सरळ असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरवली की ती सुटते. ऐकायला सोपं वाटतं. पण तुम्ही लॉकरिंग उलट फिरवायला लागलात की तिच्याबरोबर अख्खी कॅसेटच उलट फिरू लागते, कारण फ्रीहब त्यासाठीच बनवलेला आहे. उतारावर पाय थांबवले तरी चाक पळत राहतं ते याच सोयीमुळे. चाक दोन पायांमध्ये कितीही घट्ट दाबून धरलं तरी उपयोग नाही. चाक जागेवर राहील आणि कॅसेट टिकटिक करत मोकळी फिरेल. म्हणून कॅसेटला धरणारं एक वेगळं हत्यार लागतं. एका दांड्याला चेनचे तुकडे लावलेलं हे हत्यार म्हणजे चेन व्हिप.

जोर किती लागतो हे लक्षात घेतलं की निवड सोपी होते. लॉकरिंग आवळायचं ठरलेलं माप साधारण 40 न्यूटन-मीटर असतं आणि बऱ्याच लॉकरिंगवर ते कोरलेलंही असतं. पाव मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला हात ठेवला तर हा जोर सुमारे 16 किलो वजनाइतका होतो. सोडवताना कधी थोडा जास्तही लागतो, कारण मधल्या काळात घाम, पाणी, धूळ आट्यांत शिरून बसलेली असते. सोळा किलो म्हणजे काही फार नाही, पण तो दोन्ही हातांना एकाच वेळी आणि विरुद्ध दिशांना फिरवायला लावायचा आहे. एका हातात सोळा किलो पेलणारं चांगलं हत्यार आणि दुसऱ्या हातात वाकणारं, सटकणारं काहीतरी असेल, तर सटकणारा हात सरळ धारदार दातांवर जाऊन आपटतो. या कामात बोटं सोलवटतात ती अशीच. कामाचे जाड हातमोजे मी हत्यारांच्याच यादीत धरतो.

मात्र काहीही विकत घेण्याआधी चाकावर जे आहे ते खरोखर कॅसेटच आहे ना, हे बघावं. बाहेरून अगदी तशीच दिसणारी दुसरी एक रचना असते, ती म्हणजे फ्रीव्हील. तिच्यात चकत्या आणि मोकळं फिरणारी यंत्रणा हे सगळं एकाच तुकड्यात असतं आणि तो अख्खा तुकडा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. ओळखायची रीत सोपी आहे. चाक सायकलवरून काढा, चकत्या हाताने उलट फिरवा आणि मध्यभागी हत्यार बसण्यासाठी ज्या खाचा आहेत त्यांच्याकडे बघा. चकत्यांबरोबर खाचाही फिरल्या तर ती कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागेवर राहिल्या तर ते फ्रीव्हील. फ्रीव्हीलला चेन व्हिप लागतच नाही. तिथे चाकच धरून ठेवायचं असतं आणि जोर मात्र बेताचा पुरत नाही, कारण प्रत्येक पेडलबरोबर फ्रीव्हील स्वतःला आवळत गेलेलं असतं. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात, हत्यार पकडून वरून चाक स्टिअरिंगसारखं फिरवणं हा तिथला सगळ्यात चांगला उपाय. आणि फ्रीव्हीलच्या हत्याराबद्दल एक इशारा: शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या फ्रीव्हीलचं हत्यार आणि कॅसेटच्या लॉकरिंगचं हत्यार यांच्यात फरक अगदी बारीक आहे. दोन्हींवर बारा कंगोरे, व्यासातला फरक जेमतेम. शेजारी शेजारी ठेवली तरी चटकन कळत नाही. पाकिटावर कॅसेट लॉकरिंग असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नये.

कॅसेट आली कशी हे मला नेहमी आकर्षक वाटत आलं आहे. फ्रीव्हीलच्या चाकात उजव्या बाजूचं बेअरिंग चकत्यांच्या आतल्या अंगाला असायचं, त्यामुळे अॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, बराच भाग आधाराविना बाहेर राहायचा. चकत्या पाचाच्या सहा-सात झाल्या तसा तो भाग आणखी लांबला, आणि अॅक्सल वाकणं, तुटणं ही नेहमीची गोष्ट झाली. शिमानोने 1978 च्या सुमारास आणलेल्या फ्रीहबने बेअरिंग बाहेर, फ्रेमच्या जवळ नेलं. सुरुवातीच्या त्या फ्रीहबवर आजच्यासारखी लॉकरिंग नव्हती. सर्वांत लहान चकतीच आट्यांनी बसायची आणि बाकीच्यांना जागेवर ठेवायची. ती काढायला दोन चेन व्हिप लागत, एक धरायला आणि एक फिरवायला. वेगळी लॉकरिंग आली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, शिमानोच्या हायपरग्लाइड कॅसेटबरोबर. जुन्या सायकल दुरुस्तीवाल्यांच्या भिंतीवर एका खिळ्याला दोन चेन व्हिप टांगलेल्या दिसल्या तर त्यातली एक जास्तीची नसते, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. तेव्हा फिरवणारं आणि धरणारं ही दोन्ही हत्यारं एकच होती. पुढे फिरवणाऱ्याचं रूप बदललं, धरणारं तसंच राहिलं.

आता लॉकरिंगच्या हत्याराकडे. हा एक छोटा पोलादी गोळा असतो, बाहेरून बारा कंगोरे असलेला. शिमानो आणि स्रॅम यांच्या बहुतेक कॅसेटना एकच नमुना चालतो. सायकली आठ गिअरच्या असोत वा बाराच्या, फ्रीहबचा आकार कितीही बदलला असो, लॉकरिंगच्या खाचा बऱ्याच अंशी त्याच राहिल्या आहेत, आणि घरी काम करणाऱ्यासाठी ही मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे. कॅम्पाग्नोलोच्या लॉकरिंगचं मात्र वेगळं माप आहे. शिमानोचं हत्यार त्यात जबरदस्तीने कोंबायचा मोह अजिबात करू नये; खाचांच्या कडा एकदा गोल झाल्या की मग कुठलंच हत्यार पकडत नाही.

या गोळ्याच्या बाबतीत मी सगळ्यात आधी बघतो ते मध्यभागी काय आहे. काहींच्या मधोमध एक बारीक पिन पुढे आलेली असते. क्विक रिलीजचा, म्हणजे हाताने खटका फिरवून चाक सोडवायच्या सोयीचा, दांडा काढून टाकला की अॅक्सलच्या पोकळीत ती पिन शिरते आणि हत्यार सरळ धरून ठेवते. इथेही पुन्हा तेच, धरून ठेवणं. लॉकरिंगच्या खाचा उथळ असतात, जोर लावताना हत्यार जरा तिरकं झालं तरी ते उसळून बाहेर येतं, आणि अॅल्युमिनियमची लॉकरिंग असेल तर जाताना कडा ओरबाडून जातं. पिन असली की तिरकं होण्याचा प्रश्नच उरत नाही. पण ही पिन प्रत्येक चाकाला चालत नाही. मागचं चाक नटांनी आवळलेलं असेल तर अॅक्सल भरीव असतो, त्यात पिन जाणार कुठे? तिथे आरपार पोकळ असलेलं हत्यार हवं, जे अॅक्सलच्या टोकावरून आत सरकेल. आणि 12 मिलिमीटरचा थ्रू अॅक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड आस, असलेल्या नव्या सायकलींत बारीक पिन मोठ्या भोकात खुळखुळते, म्हणून त्यांच्यासाठी जाड पिनची हत्यारं मिळतात. घरात वेगवेगळ्या तऱ्हेच्या सायकली असतील तर मी पोकळ हत्यारच घ्यायला सांगेन. क्विक रिलीजच्या चाकावर तेच हत्यार बसवून त्यातून क्विक रिलीजचा दांडा परत घालायचा, नट हलका आवळायचा, म्हणजे हत्यार जागेवर दाबून राहतं. लॉकरिंग सुटली की लगेच नट सैल करायचा, नाहीतर बाहेर येणाऱ्या लॉकरिंगला जागाच मिळत नाही.

गोळा फिरवायला मूठ कुठली हा त्या मानाने साधा मामला. बऱ्याच हत्यारांची पाठ षटकोनी असते, एक इंच किंवा 24 मिलिमीटरची. त्या मापाचा पाना किंवा चांगला लांब अॅडजस्टेबल पाना पुरतो. काहींच्या पाठीत रॅचेटसाठी चौकोनी भोक असतं. घरी टॉर्क रेंच, म्हणजे लावलेला पीळ मोजणारा पाना, असेल तर हाच प्रकार घ्यावा, कारण बसवताना 40 चं माप मोजता येतं. मूठ कायमची जोडलेली हत्यारंही मिळतात. ती वापरायला सुटसुटीत आहेत, पण पाना घरात आधीपासून असेल तर त्या पैशात जास्त चांगली चेन व्हिप येते.

आणि चेन व्हिपमध्ये फरक खूप असतो. साध्या नमुन्यात एक पोलादी पट्टी, तिच्या टोकाला लांब चेनचा एक तुकडा आणि थोड्या अंतरावर आखूड चेनचा दुसरा तुकडा. आखूड तुकडा दातांत बसतो आणि लांब तुकडा चकतीभोवती गुंडाळला जातो. या रचनेत तीन गोष्टी बघाव्यात. एक, पट्टीची लांबी. आखूड व्हिप सुबक दिसते, पण सोळा किलोचा हिशोब पाव मीटर धरून केला होता हे विसरू नये. हात जवळ आला तर जोर त्याच प्रमाणात वाढतो. दोन्ही मुठी साधारण सारख्या लांबीच्या असाव्यात, म्हणजे दोन्ही हातांना सारखंच काम पडतं. दुसरी गोष्ट, पट्टीची जाडी. पातळ पट्टी जोर लावला की पिळते, चेन चकतीवर तिरकी होते आणि दातांवरून चढते. तिसरी गोष्ट चेनची रुंदी. गिअरची संख्या वाढली तशा चकत्या एकमेकींच्या जवळ आल्या. जुन्या रुंद चेनची व्हिप अकरा-बारा गिअरच्या कॅसेटवर दोन चकत्यांच्या मधे नीट बसत नाही. एकच चकती असलेल्या फिक्स्ड सायकलींसाठी बनवलेल्या व्हिपची चेन तर आणखी रुंद असते. किती गिअरपर्यंत चालते हे विकत घेतानाच बघून घ्यावं.

व्हिप कुठल्या चकतीवर लावायची यावर मी थोडा हट्टी आहे. लहान चकती हाताशी असते म्हणून बहुतेक जण तिथेच लावतात. पण गणित करून बघा. चेनच्या दोन कड्यांच्या पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर, म्हणजे अकरा दातांच्या चकतीची त्रिज्या भरते सुमारे 22 मिलिमीटर. 40 न्यूटन-मीटरचा पीळ तिथे अडवायचा तर चेनवर जवळजवळ 180 किलोचा ताण येतो. बावीस दातांच्या चकतीवर हाच ताण निम्मा होतो. शिवाय लहान चकत्या सुट्या असतात आणि प्रत्येकीचे कंगोरे एकटे फ्रीहबवर दाबले जातात. मोठ्या चकत्या बऱ्याच कॅसेटमध्ये एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे भार वाटला जातो. हाताला जाणवणारा फरक फार नसेल, पण चेन, दात आणि फ्रीहब तिघांनाही तो जाणवतो. म्हणून व्हिपची चेन जितक्या मोठ्या चकतीभोवती पुरेशी गुंडाळली जाईल तितक्या मोठ्या चकतीवर लावावी. लांब चेनची व्हिप घ्यायचं हेही एक कारण.

पकडीसारखी दिसणारी व्हिपही आता मिळते. तिच्या जबड्यांनाच दात किंवा पिना असतात आणि त्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरतात. लॉक होणारी पक्कड असेल तर ती हात सोडला तरी चकतीवर चिकटून राहते, चेन घरंगळत नाही. ज्यांची पकड कमजोर आहे, ज्यांना एकट्याने काम करायचं आहे, किंवा ज्यांना चेन गुंडाळताना ती दरवेळी उलटी पडते त्यांच्यासाठी हे हत्यार मनापासून सुचवावंसं वाटतं. मात्र ती किती दातांच्या चकत्यांवर बसते याची मर्यादा असते. आपल्या कॅसेटवरचे दात मोजून मगच घ्यावी.

विकत न घेता भागतं का? भागतं, आणि मला यात कमीपणा वाटत नाही. काढून टाकलेली जुनी चेन बहुतेकांच्या घरी असते. एक जाड लोखंडी पट्टी घ्या, दोन भोकं पाडा, चेनचा लांब तुकडा एका टोकाला आणि आखूड तुकडा थोडा मागे, नट-बोल्टने पक्के करा. नीट बनवलेली अशी व्हिप वर्षानुवर्षं टिकते. फक्त लाकडाचा दांडा नको, तो चिरतो. चकत्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून किंवा आऱ्यांमध्ये काठी घालून कॅसेट अडवायचे प्रकार मात्र पूर्ण टाळावेत. त्यात धरण्याचा भार आऱ्यांवर जातो, आणि आरा हा बाजूने दाब सोसायला बनवलेलाच नाही.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांचा मुद्दा वेगळा आहे. मागच्या चाकाचे उजवीकडचे आरे डाव्या आऱ्यांपेक्षा जास्त ताणलेले असतात, आणि त्यांची डोकी कॅसेटच्या मागे लपलेली असतात. त्यातला एखादा तुटला की कॅसेट काढल्याशिवाय नवा घालता येत नाही. चेन व्हिप आणि लांब पाना घेऊन कोणी फिरत नाही. त्यांच्यासाठी आगपेटीएवढी छोटी हत्यारं मिळतात. ती लॉकरिंगच्या खाचांत बसतात आणि त्यांचा अंगठ्यासारखा एक भाग फ्रेमला टेकतो. मग चाक परत सायकलवर लावायचं आणि पेडल हलकेच पुढे दाबायचं. लॉकरिंग फ्रेमला टेकून जागेवर राहते, सायकलची स्वतःची चेन कॅसेटला पुढे ओढते आणि आटे सुटतात. धरायला फ्रेम, फिरवायला पेडल. हे छोटं हत्यार ज्या कुणाला सुचलं असेल त्याच्याविषयी मला खरोखर आदर वाटतो, कारण त्याने जोर कुठून येतो आणि कुठे जाऊन टेकतो एवढंच बघितलं आणि बाकी सगळं काढून टाकलं. फक्त नाजूक कार्बन फ्रेमवर हा प्रयोग करू नये.

प्रत्यक्ष काम तसं मिनिटाभराचं. चाक उभं करून कॅसेट आपल्याकडे ठेवली तर पाना डाव्या हाताला आणि व्हिप उजव्या हाताला येते, आणि दोन्ही मुठी आडव्या करून खाली दाबायच्या. दोघांना एकाच दिशेला दाबता येणं हा या मांडणीचा फायदा, शरीराचं वजन वापरता येतं. व्हिपची चेन अशी गुंडाळलेली हवी की मूठ दाबल्यावर चकती पेडल मारताना फिरते त्याच बाजूला ओढली जाईल. लॉकरिंग सुटताना करकर असा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी मोडलं असं वाटतं, पण लॉकरिंगच्या आतल्या बाजूला आणि लहान चकतीवर बारीक दंतूर रेषा असतात, त्या एकमेकांवरून सुटल्याचा तो आवाज आहे.

लॉकरिंग निघूनही कॅसेट बाहेर येत नसेल तर ओढाताण करू नये. अॅल्युमिनियमच्या फ्रीहबवर सुट्या चकत्या वर्षानुवर्षांच्या पेडलिंगने खाचांत रुतलेल्या असतात. इथे चेन व्हिप दुसऱ्यांदा कामाला येते. मोठी चकती धरून ठेवून एकेक सुटी चकती हलकेच उलट बाजूला वळवली की ती रुतलेल्या जागेतून सुटते आणि पुढे सरकते. फ्रीहबवर उठलेली धार बारीक कानशीने साफ केली की पुढच्या वेळी त्रास होत नाही. निघालेल्या चकत्या आणि त्यांच्यामधल्या कड्या निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवाव्यात. रोड सायकलच्या अकरा गिअरच्या फ्रीहबवर दहा गिअरची कॅसेट असेल तर मागे 1.85 मिलिमीटरची एक पातळ कडी असते, ती धुण्याच्या पाण्यात हरवली तर नंतर कॅसेट कितीही आवळली तरी डगडगत राहते.

बसवताना फ्रीहबवरची एक खाच बाकीच्यांपेक्षा अरुंद असते, तिच्याशी चकत्या जुळवल्या की त्या एकाच तऱ्हेने बसतात. लॉकरिंगच्या आट्यांना बोटभर ग्रीस, आधी हाताने दोन-तीन फेरे, लहान चकती सरळ बसली आहे ना हे बघून मग पाना. आवळताना चेन व्हिप लागत नाही. त्या दिशेला फ्रीहब स्वतःच अडतो, डाव्या हाताने टायर धरलं तरी पुरतं. करकर करत लॉकरिंग 40 वर आली की थांबावं, आणि मग कॅसेट बोटांनी धरून बाजूला हलवून बघावी; तसूभरही खुळखुळता कामा नये.